बादलीभर पाण्यातला खेळ

परीक्षा संपतात, पारा चाळिशीकडे सरकू लागतो आणि शहरातील घराघरांत एकच हट्ट सुरू होतो. मुलांना पाण्यात खेळायचे असते. आजोळची विहीर किंवा नदीचा डोह आता फारच थोड्यांच्या वाट्याला येतो. वॉटर पार्कची सहल सुट्टीत फार तर एकदा परवडते आणि पोहण्याच्या तलावावर प्रवेश मिळेलच याची खात्री नसते. मग बाजारातून हवा भरून फुगवायचा प्लॅस्टिकचा हौद घरी येतो. तो गच्चीवर किंवा इमारतीमागच्या मोकळ्या जागेत मांडला जातो, नळाला पाइप लागतो आणि तासाभरात खालच्या मजल्यावरून विचारणा होते, ‘टाकी रिकामी कोणी केली?’

हा प्रश्न अनाठायी नाही. महाराष्ट्रातील उन्हाळा म्हणजे पाणीकपातीचा आणि टँकरचा मोसम. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराची तहान भागवण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी पोहोचले, तेव्हा ते पाहायला लोक स्थानकावर जमले होते. त्या आठवणी ताज्या असताना मुलांच्या करमणुकीसाठी हजार-दीड हजार लिटर पाणी ओतावे का, असा पेच अनेक पालकांपुढे उभा राहतो. मुलांना सरसकट ‘नाही’ म्हणणे हा त्यावरचा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग अधिक रंजक आहे. मुलांना हवे असते ते खोल पाणी नव्हे, तर हलते पाणी. उडणारे, वाहणारे, गळणारे, चाक फिरवणारे पाणी मुलांना तासन्‌तास गुंतवून ठेवते आणि त्यासाठी एक बादली पुरते. लागणारी साधने घरच्या अडगळीतून व कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून एका सकाळी उभी करता येतात.

हिशेब पाण्याचा

आधी आकडे पाहू. दोन मीटर व्यासाचा आणि अर्धा मीटर खोलीचा गोल हौद काठोकाठ भरला, तर त्यात साधारण १५७० लिटर पाणी मावते. शहरी पाणीपुरवठ्याचे नियोजन करताना माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला दिवसाला ५४० लिटर पाणी लागते. या हिशेबाने एकदा भरलेला हौद त्या कुटुंबाचे जवळजवळ तीन दिवसांचे पाणी घेऊन बसतो. शिवाय लहान हौदात जंतुनाशकाची सोय नसते. चार मुले उतरून गेली, की ते पाणी दुसऱ्या दिवशी वापरण्याजोगे राहत नाही. ते रोज बदलावेच लागते.

याउलट खेळाचे पाणी आंघोळीच्या हिशेबात बसवले, तर प्रश्नच मिटतो. मुलाच्या आंघोळीला एक बादली, म्हणजे पंधरा ते वीस लिटर पाणी एरवीही लागते. तीच बादली आधी खेळात वापरावी, खालच्या टबात जमलेले पाणी पुन्हा वर ओतावे आणि शेवटी ते झाडांना किंवा शौचालयात टाकावे. अंग धुण्यासाठी तांब्या-दोन तांबे स्वच्छ पाणी वेगळे ठेवले, की झाले. घरगुती साधनांची रचना याच एका नियमाने करावी : पाणी जिथून निघाले तिथे ते परत आले पाहिजे.

खोलीचा धोका

पाणी कमी ठेवण्यामागे बचतीपेक्षाही मोठे कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या वर्षात जगभरात सुमारे तीन लाख लोक बुडून मृत्युमुखी पडले आणि त्यांतील जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. बुडण्याचे अपघात समुद्रावर किंवा धरणावरच होतात, हा समज चुकीचा आहे. रांगणाऱ्या किंवा नुकत्याच चालू लागलेल्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. बादलीत वाकून पाहताना तोल गेला, तर त्याला स्वतःहून वर येता येत नाही. तोंड आणि नाक बुडण्यास दोन इंच पाणीही पुरेसे असते.

दुसरी गोष्ट अशी, की बुडणारे मूल चित्रपटात दाखवतात तसे हातपाय आपटून हाका मारत नाही. श्वासासाठीच धडपड चाललेली असल्याने त्याच्या तोंडून आवाज निघत नाही. ‘आवाज आला असता तर धावलो असतो,’ हे वाक्य म्हणूनच फसवे आहे. पाणी कितीही उथळ असो, लहान मुलांजवळ हाताच्या अंतरावर एक मोठी व्यक्ती सतत हवी आणि त्या वेळेपुरता तिच्या हातात मोबाइल नको. दोन-तीन कुटुंबांची मुले एकत्र खेळत असतील, तर ‘आता पाळी कोणाची’ हे नाव घेऊन ठरवावे. सगळेच लक्ष ठेवतात, तेव्हा प्रत्यक्षात कोणीच ठेवत नाही.

दुर्दैवाने प्रसंग ओढवलाच, तर मुलाला उलटे धरण्यात किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ दवडू नये. श्वास थांबलेला असेल, तर तोंडाने श्वास देणे व छातीवर दाब देणे ताबडतोब सुरू करून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हे कौशल्य प्रशिक्षणाच्या एका वर्गातही शिकता येते आणि मुले असलेल्या प्रत्येक घरात ते एकाला तरी यावे.

आता साधनांकडे वळू. पुढील पाचही साधनांत उभे पाणी फक्त खालच्या टबात असते आणि तेही बादलीभरच. पसरट टब निवडला, तर त्याची पातळी बोटभर राहते.

पाण्याची भिंत

तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी याहून सोपे आणि याहून टिकाऊ साधन नाही. बाल्कनीचे किंवा खिडकीचे ग्रिल, जुनी जाळी, बांबूची ताटी किंवा भिंतीला टेकवून पक्का बांधलेला प्लायवूडचा तुकडा पाठीमागे लागतो. त्यावर रिकाम्या बाटल्या, पन्हळीसारखे उभे चिरलेले पाइप, नरसाळी, जुनी चाळणी आणि तळाला भोके पाडलेले डबे सुतळीने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने वर-खाली बांधायचे. वरच्या भांड्यातून सुटलेले पाणी खालच्या भांड्याच्या तोंडात पडेल, अशी मांडणी करायची. सगळ्यात खाली टब आणि मुलांच्या हातात मग किंवा तांब्या.

इथे विजेच्या पंपाची गरज नाही, कारण पंपाचे काम मुले करतात. टबातून पाणी घ्यायचे, वर ओतायचे आणि ते कोणत्या वाटेने खाली येते, हे पाहत राहायचे. दहा लिटर पाणी तासभर फिरत राहते. उतार कमी ठेवला तर पाणी रेंगाळते आणि जास्त ठेवला तर उडी मारून बाहेर पडते, हे मुलांना कोणी सांगावे लागत नाही. सुतळीची गाठ सुटण्याजोगी ठेवावी, म्हणजे रोज मांडणी बदलता येते. मोठ्यांनी करायचे काम दोनच : बाटल्या कापणे आणि कापलेल्या धारदार कडांवर चिकटपट्टी लावणे. वरचे भांडे मुलांच्या खांद्याच्या उंचीपेक्षा वर नसावे. ते वर असले, की मुले चढायला काहीतरी शोधतात.

पाइपचे कारंजे

अर्धा इंची पीव्हीसी पाइप, दोन एल्बो, दोन टी, तीन एंड कॅप आणि रबरी नळी जोडण्याचा एक सांधा एवढ्या सामानात कमान उभी राहते. रुंदी दीड मीटर आणि उंची तेवढीच पुरते. वरच्या आडव्या पाइपला बारीक ड्रिलने हातभर लांबीत तीन-चार या हिशेबाने छिद्रे पाडायची. दोन्ही उभ्या पाइपांच्या तळाशी टी बसवून तिच्या दोन बाजूंना पाइपचे तुकडे लावले, की कमानीला पाय मिळतात. त्यांतील एका पायाच्या टोकाला नळीचा सांधा बसतो आणि उरलेली तीन टोके एंड कॅपने बंद होतात. सांधे सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवलेच पाहिजेत असे नाही. कमी दाबाला ते नुसते घट्ट बसवले तरी चालतात. थोडे गळतील, पण सुट्टी संपल्यावर सगळे सोडवून माळ्यावर ठेवता येईल. चिकटवायचेच असेल, तर ते काम मोठ्यांनी उघड्यावर करावे, कारण त्या द्रावणाची वाफ श्वासातून जाणे चांगले नसते. पीव्हीसी पाइप टिकाऊ करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या शिशाच्या संयुगांवर केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले. जुना, माळ्यावर पडलेला पाइप त्याआधीचा असू शकतो, म्हणून कारंज्याचे पाणी तोंडात घ्यायचे नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

छिद्र किती मोठे, हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण पाण्याचा सगळा खर्च त्यावर ठरतो. छिद्राचा व्यास निम्मा केला, की त्याचे क्षेत्रफळ एक चतुर्थांश होते आणि पाणीही तेवढेच कमी जाते. टाकीतील पाण्याची पातळी कारंज्याच्या पाच मीटर वर असेल, तर एक मिलिमीटरच्या वीस छिद्रांतून मिनिटाला पाच-सहा लिटर पाणी बाहेर पडते. तीच छिद्रे दोन मिलिमीटरची केली, तर वीस-बावीस लिटर. म्हणजे मिनिटाला एक बादली. घरी शंका असेल, तर बादली आणि घड्याळ घेऊन पाइपचा प्रवाह मोजून पाहावा. मोठ्या मुलांना हे काम फार आवडते.

नळ न लावताही कारंजे चालते. जिन्याच्या वरच्या पायरीवर किंवा पक्क्या ओट्यावर पाण्याची बादली ठेवून तिच्यातून नळीने पाणी खाली आणले आणि छिद्रांचा पाइप दोन मीटर खाली जमिनीवर आडवा ठेवला, तर एक मिलिमीटरच्या दहा छिद्रांतून वीस लिटरची बादली दहा-बारा मिनिटे पुरते. नळीत आधी पाणी भरून, दोन्ही टोके बोटांनी दाबून, एक टोक बादलीत बुडवावे व दुसरे पाइपला जोडावे. हाच तो सायफन. खाली पसरलेल्या ताडपत्रीच्या कडा उचलून ठेवल्या, की पाणी पुन्हा गोळा करता येते. बादली कोणत्याही परिस्थितीत डोक्यावर टांगू नये. वीस लिटर पाण्याचे वजन वीस किलो असते.

तळमजल्यावर जोर का?

अनेकांचा अनुभव असा, की तेच कारंजे तळमजल्यावर झकास उडते आणि गच्चीवर नेले की मरगळते. यात साधनाचा दोष नाही. पाण्याचा दाब पाइपच्या जाडीवर नव्हे, तर टाकीतील पातळीच्या उंचीवर अवलंबून असतो. दर दहा मीटर उंचीला साधारण एका वातावरणाइतका दाब मिळतो. तीन मजली इमारतीच्या तळाशी तो पुरेपूर मिळतो. गच्चीवर मात्र टाकी डोक्यापेक्षा जेमतेम दोन-तीन मीटर वर असते. मोटार न लावता पाणी आपल्या मूळ पातळीपेक्षा उंच उडू शकत नाही. घर्षणामुळे ते तिथपर्यंतही पोहोचत नाही.

याच नियमावर पुण्यात एकेकाळी राजेशाही खेळ चालत असे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी भूमिगत नळांतून शहरात आणले. कात्रज उंचावर आणि शहर सखल भागात, त्यामुळे उतारानेच पाणी वाहत येई आणि शनिवारवाड्यापर्यंत पोहोचे. त्याच वाड्यातील कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे बाल पेशवे सवाई माधवराव यांच्या मनोरंजनासाठी उभारण्यात आले होते. लहान मुलाला पाणी उडताना पाहायला आवडते, ही गोष्ट त्या काळच्या कारागिरांनाही ठाऊक होती आणि विजेचा पंप तेव्हा कोणाकडेच नव्हता.

आजही तो नसलेलाच बरा. कूलरमधला छोटा पंप टबात सोडून पाणी फिरवण्याची युक्ती अनेकांना सुचते. हा पंप घरच्या २३० व्होल्ट विजेवर चालतो. त्याच्या वायरचे आवरण कुठे चिरलेले असेल, तर ओल्या अंगाच्या मुलांसाठी ते पाणी जीवघेणे ठरू शकते. मुलांचे हात किंवा पाय ज्या पाण्यात जाणार, त्यात विजेचे कोणतेही साधन सोडू नये. एक्स्टेन्शन बोर्डही खेळाच्या जागेपासून दूर ठेवावा.

गरगरणारा डबा, फिरणारे चाक

आठ-दहा वर्षांच्या मुलांना नुसते भिजण्यात फार वेळ रस राहत नाही. त्यांना काहीतरी ‘चालवायचे’ असते. त्यासाठी पत्र्याचा रिकामा डबा घ्यावा. त्याच्या बाजूच्या भिंतीत, तळालगत, सारख्या अंतरावर चार ते सहा छिद्रे खिळ्याने पाडावीत. प्रत्येक वेळी खिळा बाहेर काढण्यापूर्वी तो एकाच दिशेला तिरपा दाबावा, म्हणजे छिद्रे तिरकी होतात. डब्याच्या काठाला दोरीचे तीन तुकडे बांधून, ते एकत्र आणून, एका दोरीला डबा टांगावा आणि त्यात पाणी ओतावे. पाणी तिरप्या धारांनी एका बाजूला उडते आणि डबा उलट दिशेने गरगर फिरू लागतो. न्यूटनचा क्रिया-प्रतिक्रियेचा नियम पुस्तकात पाठ करण्याआधी डोळ्यांना दिसतो. बागेत हिरवळीवर फिरणारे फवारे याच तत्त्वावर चालतात. पत्र्याची वरची कड आत वळवून, ठोकून बोथट करणे तेवढे विसरू नये.

पाणचक्कीसाठी दोन निकामी सीडी किंवा प्लॅस्टिकची दोन झाकणे, बाटल्यांची सहा-आठ बुचे आणि सायकलची एक तार लागते. दोन चकत्यांमध्ये कडेने बुचे एकाच दिशेला तोंड करून चिकटवावीत आणि मधून तार ओवावी. चिकटवण्याचा गोंद पाण्याने न सुटणारा हवा. चकत्या तारेवर घट्ट बसल्या पाहिजेत, म्हणजे चाकाबरोबर तारही फिरेल. तारेची दोन्ही टोके दोन विटांवरच्या खाचांत सैल ठेवली, की चाक तयार. वरून धार सोडली, की एका बाजूची बुचे भरून जड होतात, खाली जातात, रिकामी होतात आणि चाक फिरत राहते. तारेच्या टोकाला दोरा बांधून त्याला एखादे छोटे वजन अडकवले, तर चाक ते वर उचलते. औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची प्रसिद्ध पाणचक्की मुलांनी पाहिली असेल, तर नहरीतून आलेल्या पाण्यावर तिथे धान्य दळले जात असे, ही गोष्ट त्यांना आता निराळीच उमगते.

टाकाऊ वस्तूंतून अशी खेळणी घडवण्याचा ध्यास घेतलेले अरविंद गुप्ता हे नाव महाराष्ट्रातील शिक्षकांना नवे नाही. आयआयटी कानपूरमधून अभियंता झालेल्या गुप्ता यांनी पुण्यातील आयुका संस्थेच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षे मुलांसोबत काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फेकून देण्याच्या नळ्या, डब्या व सायकलच्या ट्यूबचे तुकडे यांतून पाण्याचे पंप कसे बनवायचे, हे त्यांच्या चित्रफितींत पाहायला मिळते. खेळणे मोडून आत काय आहे हे पाहण्याची मुभा मुलाला हवी, हे त्यांच्या कामामागचे सूत्र आहे. विकतच्या महागड्या खेळण्याला ही मुभा बहुधा नसते.

पिचकारी घरचीच

रंगपंचमी सरली की पिचकारी माळ्यावर जाते, पण उन्हाळ्यातील खरा उपयोग तिचाच. कळकाची, म्हणजे बांबूची पिचकारी कोकणात आणि घाटावर पूर्वी घरोघरी होत असे. एका बाजूला गाठ राखून कळक कापायचा, त्या गाठीला बारीक छिद्र पाडायचे आणि दुसऱ्या बाजूने फडके गुंडाळलेला दट्ट्या आत सरकवायचा. आज बांबूऐवजी पाइप आणि एंड कॅप वापरता येते. फडक्याऐवजी रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपात असतो तसा चामडी वॉशर मिळाला, तर दट्ट्या घट्ट बसतो आणि धार लांब जाते. एका पिचकारीत पेलाभर पाणी मावते, त्यामुळे टबातील बादलीभर पाणी बराच वेळ पुरते.

घरच्या पाइपमधून जगभर गाजलेले एक खेळणेही जन्मले आहे. लॉनी जॉन्सन हे अमेरिकी अभियंते १९८२ मध्ये घरच्या न्हाणीघरात पाण्यावर चालणाऱ्या उष्णता-पंपाचा प्रयोग करत होते. नळाला जोडलेल्या तोटीतून पाण्याची जोरदार धार सुटली आणि त्यातून त्यांना हवेच्या दाबावर चालणाऱ्या पिचकारीची कल्पना सुचली. तिचा पहिला नमुना त्यांनी पीव्हीसी पाइप आणि शीतपेयाची बाटली वापरून बनवला. १९९० मध्ये ती बाजारात आली आणि पुढे ‘सुपर सोकर’ या नावाने प्रचंड खपली. मोठ्या दाबाची पिचकारी मात्र तोंडावर मारायची नाही, हा नियम खेळाआधीच ठरवून घ्यावा. जोराची धार डोळ्याला इजा करू शकते.

घसरपट्टी? जरा थांबा

ताडपत्रीवर पाणी टाकून पोटावर घसरण्याचा खेळ करायला सर्वांत सोपा आणि दिसायला सर्वांत मजेदार. मात्र शहरी घरांत तो टाळलेलाच बरा. अमेरिकेत १९६१ पासून असे तयार खेळणे विकले जात आहे. १९७३ ते १९९१ या काळात ते वापरताना सात प्रौढ व एक तेरा वर्षांचा मुलगा यांना मानेच्या किंवा मणक्याच्या गंभीर दुखापती झाल्याची नोंद तेथील ग्राहक सुरक्षा आयोगाने १९९३ मध्ये जाहीर केली आणि मोठ्यांनी हा खेळ खेळू नये, असा इशारा दिला. वजन जास्त असलेले शरीर धावत येऊन आदळले, की ते घसरत न जाता जागीच अडकते आणि सगळा हिसका मानेला बसतो. तोही हिरवळीवर. गच्चीच्या फरशीवर किंवा पेव्हर ब्लॉकच्या अंगणात काय होईल, हे सांगायला नको. गावी मऊ मातीचे किंवा गवताचे अंगण असेल, तर लहान मुलांनी बसून घसरावे. धावत येऊन सूर मारणे पूर्ण वर्ज्य.

गच्ची किती पेलते?

शहरात परसदार उरलेले नाही. त्याची जागा गच्चीने घेतली आहे. परंतु गच्ची ही जमीन नव्हे. ये-जा असलेल्या सपाट छतावर दर चौरस मीटरला साधारण १५० किलो वापराचा भार येईल, असे धरून रचना करावी, असे भारतीय मानक ब्युरोची आय. एस. ८७५ ही संहिता सांगते. पाण्याचे वजन पाहिले, तर पंधरा सेंटीमीटर खोलीचे पाणी दर चौरस मीटरला नेमके १५० किलो भरते. म्हणजे वीतभर पाण्यानेच ती मर्यादा गाठली जाते आणि त्यात उतरणारी मुले व भोवती उभी असलेली मंडळी वेगळीच. अर्धा मीटर भरलेला हौद या प्रमाणाच्या तिप्पटीहून अधिक भार टाकतो. जुन्या वाड्यांच्या, चाळींच्या आणि गळणाऱ्या इमारतींच्या बाबतीत तर हा विचारही करू नये. एक बादली पाण्याचा खेळ मात्र कोणतीही धडधाकट गच्ची सहज पेलते.

गच्चीवर आणखी दोन पथ्ये आहेत. कठड्याजवळ टब, खुर्ची, कुंडी असे चढण्याजोगे काहीही ठेवू नये. पाण्याच्या टाकीचे झाकण, विशेषतः आवारातील भूमिगत टाकीचे, कुलूपबंद असल्याची खात्री खेळापूर्वी करून घ्यावी. भर दुपारी गच्चीची फरशी आणि उन्हात पडलेल्या नळीतील पाणी, दोन्ही चटका बसण्याइतके तापलेले असतात. सकाळी दहाच्या आत किंवा सायंकाळी साडेचारनंतरची वेळ बरी आणि पहिली धार मोठ्यांनी हातावर घेऊन पाहावी.

खेळ संपल्यावर

साधन बनवणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते आवरणेही. डेंगी पसरवणारा एडिस डास घाण पाण्यापेक्षा स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. बाटलीच्या तळाशी, टबाच्या कडेला किंवा आडव्या पाइपमध्ये उरलेले घोटभर पाणी त्याला पुरते. त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला चिकटून कित्येक महिने तग धरतात. म्हणून भांडे नुसते उपडे करून भागत नाही, तर आठवड्यातून एकदा ते आतून घासून कोरडे करावे लागते. पावसाळ्यात अंगणात साचलेले पाणी खेळासाठी कधीही वापरू नये. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसची लागण होते. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने ती साथ अनुभवली आहे.

त्यामुळे आवरण्याचा क्रम मुलांनाच नेमून द्यावा. टबातले पाणी झारीत भरायचे, झारी कुंड्यांना घालायची, पाइपची एका टोकाची टोपी काढून तो तिरका उभा करायचा आणि टब घासून उपडा ठेवायचा. पाण्यात साबण किंवा रंग मिसळला नसेल, तर कोणत्याही झाडाला ते चालते. उद्याच्या खेळासाठी पुन्हा एकच बादली मिळणार, हे मुलांना माहीत असले, की ती जपून कशी वापरायची, याच्या युक्त्या तीच शोधू लागतात. कोणी ताडपत्रीची कड आणखी उचलतो, कोणी छिद्राला चिकटपट्टी लावतो. सोसायटीच्या टाकीवरून होणारा वाद त्यामुळे टळतो आणि सुट्टीही कोरडी जात नाही.